टकोमाचा नंबर

फोन यायचा तो जेवायच्या वेळेलाच. एमिल हुडाकनं सूपाचा पहिला घोट घ्यावा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पिवळ्या फोननं खणखणायला लागावं, असं त्या ऑक्टोबरात रोजचंच झालं होतं.

"मिस्टर हुडाक? सर, कसे आहात आज?"

पहिल्यांदा एमिलनं खरंखुरं सांगितलं होतं. गुडघा दुखतोय, छपराच्या पन्हाळीत पानं तुंबलीत, शिडीवर चढतो म्हटलं तर बायको चढू देत नाही. पलीकडची मुलगी "अरे वा, छान!" म्हणाली आणि लांब पल्ल्याच्या फोनचे दर सांगायला लागली. एमिल रिसीव्हरकडे बघतच राहिला. गुडघा दुखतोय यात छान काय होतं?

ती सिल्व्हरस्पॅन नावाच्या कंपनीची होती. दुसऱ्या दिवशी फोन आला तो हार्थलाइनच्या माणसाचा. दोघांचं म्हणणं एकच: तुम्ही आहात ती जुनी कंपनी सोडा, आमच्याकडे या. सिल्व्हरस्पॅनवाले म्हणत, हार्थलाइनचे लोक छुपे आकार लावतात. हार्थलाइनवाले म्हणत, सिल्व्हरस्पॅनवर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. एमिलला मुळात हेच कळत नव्हतं, की एका भिंतीवर एक फोन असताना त्यात तीन-तीन कंपन्या मावतात कशा. त्याच्या बापाच्या वेळेपासून लोरेन गावात फोन म्हणजे फोन. कंपनी कोणती, हे कुणी विचारत नव्हतं, कुणी सांगतही नव्हतं.

"अहो, पण आम्ही लांब फोन करतच नाही कुणाला," तो सांगायचा. "बहीण पाच घरं सोडून राहते. मेहुणा कबरस्तानात आहे."

"कुणीतरी असेलच ना सर, दूर राहणारं?"

"नाही," असं म्हणून एमिल फोन ठेवायचा, आणि त्याची बायको व्हेरोना त्याचं गार झालेलं सूप पुन्हा गरम करायला न्यायची.

दूर राहणारं एक माणूस होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा ग्लेन, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, टकोमाला. तीन वर्षांपूर्वी ग्लेननं रोझानला घटस्फोट दिला आणि दुसरं लग्न केलं. रोझान ही स्टीव्ह मिहालिकची मुलगी. स्टीव्ह पाइपांच्या कारखान्यात वीस वर्षं खाली उभा राहून काम करायचा आणि वर क्रेनवर एमिल. आपल्या डोक्यावरून टनावारी लोखंड फिरवणाऱ्या माणसावर विश्वास टाकून स्टीव्ह खुशाल डबा खायचा, अशी ती दोस्ती. त्याच्या पोरीला ग्लेननं सोडावं आणि त्या मार्ला नावाच्या बाईशी चर्चमध्ये नाही, तर कचेरीत जाऊन लग्न करावं, हे एमिलच्या घशाखाली उतरलं नाही. ग्लेननं लग्न कळवायला फोन केला तेव्हा एमिल म्हणाला होता, "डोकं ठिकाणावर आलं की फोन कर. तोवर करू नकोस." व्हेरोना शेजारीच उभी होती. तिनं मान हलवली होती. "बरोबर बोललास," म्हणाली होती. "मीही नाही करणार."

ग्लेनही त्याच रक्ताचा. त्यानं केला नाही.

दर शुक्रवारी व्हेरोना चर्चच्या तळघरात जायची. तिथे आठ-दहा म्हाताऱ्या मिळून बटाट्याचं सारण भरून पिरोही करायच्या आणि दुपारी त्या विकायच्या. अशाच एका शुक्रवारी एमिल घरात एकटा असताना फोन वाजला. कोरीन नावाची मुलगी होती, सिल्व्हरस्पॅनची. आवाज दमलेला. तिनं "कसे आहात" विचारलंच नाही, त्यामुळे एमिलला ती जरा बरी वाटली.

"सर, मी वाचून दाखवते ते ऐका, मग नाही म्हणा," ती म्हणाली. "आमची 'जिव्हाळ्याचं वर्तुळ' म्हणून योजना आहे. तुम्ही तुमच्या माणसांचे नंबर द्यायचे. त्या नंबरांना अर्ध्या दरात बोलायचं. कुठल्या राज्यात फोन करता तुम्ही?"

"कुठेच नाही."

"ठीक आहे सर. पण करावासा वाटला, तर कुठे?"

असा प्रश्न एमिलला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. पाद्र्यानंसुद्धा नाही. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या साबोबाई कपडे वाळत घालत होत्या.

"वॉशिंग्टन," तो म्हणाला. "राजधानी नव्हे. ते दुसरं, पश्चिमेचं राज्य."

"कोण असतं तिथे?"

"मुलगा."

"मग त्याचाच नंबर द्या ना."

नंबर कुठे लिहिलेला असेल हे आठवायच्या आतच तो एमिलच्या तोंडून बाहेर पडला होता, एकही आकडा न चुकता. त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग एक पुरुष लाइनवर आला, त्यानं विचारलं की आपण स्वखुशीनं कंपनी बदलताय ना, आणि एमिल "हो" म्हणाला. फोन करायचा त्याचा इरादा होता का? नव्हता. निदान त्याला तसं वाटत नव्हतं. नंबर एका वर्तुळात जाऊन बसला, एवढंच. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

व्हेरोना पिरोहीचा डबा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "कुणाचा फोन नाही आला."

"मी विचारलंय का?" व्हेरोना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात हार्थलाइनच्या माणसाचा फोन आला. आवाज असा गोड, जणू लग्नाचं आमंत्रणच द्यायचंय.

"मिस्टर हुडाक, हार्थलाइनच्या कुटुंबात आपलं स्वागत!"

"चुकलात. मी सिल्व्हरस्पॅनकडे गेलोय."

"गेला होतात, सर. मंगळवारी आपण आमच्याकडे आलात."

"मंगळवारी मी न्हाव्याकडे गेलो होतो!"

"सर, इथे नोंद आहे. आपल्या घरून होकार मिळालाय."

एमिलनं फोन आपटला. न्हाव्याकडे शेजारी बसलेल्या स्टॅन बिएलाकनं त्याला सांगितलं होतंच, की या कंपन्या चोर आहेत, माणसाला न विचारता त्याची लाइन पळवतात, स्टॅनच्या भावजयीची दोनदा पळवली. त्यानं लगेच सिल्व्हरस्पॅनला फोन लावला. थांबायला सांगून बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक बाई आली आणि म्हणाली, "सर, आपण आम्हाला सोडून गेलात याचं आम्हाला वाईट वाटतं."

"मी कुठेही गेलेलो नाही! मी माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे!"

"मग परत येता का?"

"परत कसा येऊ? मी गेलोच नाही!"

"म्हणजे हो समजू का, सर?"

एमिल हो म्हणाला. न गेलेला माणूस अशा रीतीनं परत आला. व्हेरोना ओट्यापाशी कोबी चिरत होती. तिची सुरी थांबली होती.

"कशाला त्यांच्या नादी लागतोस?" ती म्हणाली. "कुठल्या का कंपनीचा असेना. आपल्याला कुठे फोन करायचाय?"

"प्रश्न फोनचा नाही. मी 'हो' म्हणालो असं ते म्हणतात. माझ्या वतीनं 'हो' कोण म्हणतंय?"

व्हेरोनानं कोबी जरा जास्तच बारीक चिरला.

आणि पुन्हा तेच झालं. आठवडा गेला नाही तोच हार्थलाइनचं दुसऱ्यांदा स्वागत आलं. एमिल पुन्हा सिल्व्हरस्पॅनकडे गेला. तो स्थानिक फोनच्या कचेरीशी भांडला, तर तिथला माणूस म्हणाला, आम्ही गावातल्या फोनचं बघतो, गावाबाहेरचं त्यांना विचारा. कुणाला? तुमच्या कंपनीला. माझी कंपनी कोणती? तेच तुम्ही सांगायचं. एमिल खुर्चीत बसून विचार करायला लागला, की सत्तराव्या वर्षी माणसाचं डोकं असंच जातं का? आपण मंगळवारी न्हाव्याकडे गेलो होतो, हे नक्की ना? त्यानं मानेवरून हात फिरवून पाहिला. केस तर कापलेले होते.

शनिवारी दुपारी ते दोघं जेवायला बसले होते आणि फोन वाजला. व्हेरोना उठायला लागली, पण एमिलनं तिला हातानं थांबवलं. "आज मी बघतो एकेकाला."

"हॅलो," पलीकडून एक पुरुष म्हणाला. मग घसा खाकरला. "ते… सिल्व्हरस्पॅनबद्दल बोलायचं होतं. आणि ती दुसरी, हार्थलाइन. दोघांनीही मला—"

"दोघांनीही खड्ड्यात जा!" एमिल ओरडला. "परत या घरात फोन केलास तर बघ!" आणि त्यानं रिसीव्हर असा आपटला, की वरचं कॅलेंडर हललं.

फोन पुन्हा वाजला. एमिलनं रिसीव्हर उचलला आणि कानाला न लावताच ठेवला. तिसऱ्यांदा मात्र तो वाजला नाही.

"आता कळेल त्यांना," असं म्हणून तो खुर्चीत बसला. पावाचा तुकडा तोडला. तोंडात घातला. पण चावेना. काहीतरी खटकत होतं आणि ते काय, हे ध्यानात येईना. कारखान्यातल्या आवाजानं त्याचा एक कान कधीच गेला होता, आणि फोन त्यानं घाईत त्याच कानाला लावला होता.

"काय म्हणत होता?" व्हेरोनानं विचारलं.

"नेहमीचंच. सिल्व्हरस्पॅन आणि हार्थलाइन."

"दोन्ही? एकच माणूस दोन्ही कंपन्यांचं नाव कशाला घेईल?"

"मला काय ठाऊक? म्हणाला, दोघांनीही मला…"

"दोघांनीही मला काय?"

"पुढे ऐकलं नाही."

व्हेरोनानं चमचा खाली ठेवला. "एमिल, विकणारा माणूस 'मला' असं म्हणेल का? आवाज कसा होता?"

"आवाज होता. पुरुषाचा. आधी घसा खाकरला त्यानं."

ते खाकरणं एमिलला माहीत होतं. शाळेतून नापास होऊन आल्यावर, गाडीचा दिवा फोडून आल्यावर, दारात उभा राहून असंच खाकरायचा ग्लेन. एमिल स्वतःही असंच खाकरायचा.

"नंबर दिल्याशिवाय…" तो पुटपुटला. "त्याच्याकडे दोन्ही कंपन्या कशा पोचल्या?"

"मी दिला," व्हेरोना म्हणाली.

"काय दिलं?"

"ग्लेनचा नंबर. हार्थलाइनच्या माणसाला. तू न्हाव्याकडे गेला होतास तेव्हा. त्यांची 'आपली माणसं' म्हणून काहीतरी योजना आहे. त्यानं विचारलं, मुलंबाळं किती? मी म्हटलं, एक. एवढ्यावरच मला रडू आलं, तर तो बिचारा घाबरला." ती टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती. "मग कुणीतरी लाइन पळवली म्हणून मी परत त्यांच्याकडे गेले. पुन्हा पळवली, पुन्हा गेले. तुला सांगणार तरी कसं? तू त्यांना चोर म्हणत होतास."

"लाइन मी पळवली," एमिल म्हणाला.

"तू?"

"सिल्व्हरस्पॅनकडे. मीही दिला नंबर."

"कुणाचा?"

"त्याचाच. आणखी कुणाचा आहे आपल्याकडे?"

एमिलला आधी राग आला, मग तो राग कुणावर हे कळेना, म्हणून तो तसाच राहिला. "पण तू म्हणाली होतीस, मीही नाही करणार!"

"कारण तू म्हणाला होतास ना!"

"तीन वर्षं तू माझ्यासाठी गप्प बसलीस?"

"आणि तू?"

"मी… तू इतकी ठाम होतीस, मला वाटलं, मी माघार घेतली तर तुला काय वाटेल."

व्हेरोना हसली की हुंदका दिला हे त्याला कळलं नाही. तिनं रिसीव्हर उचलला आणि त्याच्या हातात कोंबला. "लाव. तू आपटलास, तूच लाव."

एमिलनं नंबर फिरवला. पलीकडे ध्वनिमुद्रित आवाजाची एक बाई बोलली: "क्षमा करा. या फोनसाठी लांब पल्ल्याची कोणतीही कंपनी नेमलेली नाही." त्यानं पुन्हा फिरवला. पुन्हा तीच बाई. इतके दिवस दोन कंपन्या त्याच्यासाठी भांडत होत्या, आणि आज नेमक्या दोघीही नव्हत्या.

"सिल्व्हरस्पॅनला विचार," व्हेरोना म्हणाली.

"ते बासरी ऐकवतील."

"मग साबोबाईंकडे जाऊ."

दोघांनी एकदमच मान हलवली. साबोबाईंच्या दिवाणखान्यातून बोललेला शब्द संध्याकाळच्या प्रार्थनेआधी अख्ख्या चर्चला कळला असता. त्यांनी कोट चढवले आणि कपडे धुवायच्या दुकानाबाहेरच्या सार्वजनिक फोनकडे निघाले. गावालगतच्या सरोवरावरून बोचरं वारं येत होतं. एमिल गुडघ्यामुळे लंगडत होता, तरी व्हेरोनाच्या दोन पावलं पुढे.

तिथे पोचल्यावर कळलं, की दोघांच्याही खिशात सुटे नाहीत. मग त्यानं शून्य फिरवलं आणि पलीकडच्यानंच पैसे भरायचा फोन मागितला. पहिल्याच आवाजानं त्याचे आभार मानले, कुठल्या तरी चौथ्याच कंपनीच्या नावानं. एमिलनं डोळे मिटून घेतले.

"फोन कुणाकडून म्हणून सांगू?" ऑपरेटरबाईनं विचारलं.

"एमिल हुडाककडून."

"आणि व्हेरोना!" व्हेरोना त्याच्या खांद्यावरून ओरडली.

घंटी वाजली. त्यानं या खेपेला फोन चांगल्या कानाला धरला होता. पलीकडे एका बाईनं उचलला. मार्लाच असणार. तिचा आवाज एमिलनं कधी ऐकलेला नव्हता. ऑपरेटरनं विचारलं, "एमिल आणि व्हेरोना हुडाक यांचा फोन आहे. खर्च तुमच्याकडे. घ्याल का?"

एमिलच्या मनात आलं, ती नाही म्हणाली तर आपल्याला एका शब्दानंही तक्रार करता येणार नाही. तासाभरापूर्वी ती जगात नसती तरी त्याला चाललं असतं, आणि आता ती काय म्हणते यावर सगळं येऊन ठेपलं होतं.

"हो," ती म्हणाली. "घेते. हो, हो."

ऑपरेटर गेली. या बाईला काय म्हणून हाक मारायची, हे एमिल ठरवूच शकत नव्हता.

"मिस्टर हुडाक?" ती म्हणाली. "ग्लेन बाहेर गाडी धुतोय. मी बोलावते. तुम्ही फोन ठेवू नका. प्लीज, ठेवू नका हं."

"नाही ठेवत," एमिल म्हणाला.

दार उघडल्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा, मग पावलांचा. मग ते खाकरणं.

"पॉप?"

"मगाशी तू होतास?"

"मी होतो."

"मला वाटलं, कंपनीवाले."

"ते कळलं मला," ग्लेन म्हणाला. त्याच्या आवाजात अजून अढी होती. "पॉप, तुमच्याकडे नक्की काय चाललंय? आधी एक बाई फोन करून सांगते, तुमच्या वडिलांनी तुम्हाला त्यांच्या जिव्हाळ्याच्या वर्तुळात घेतलंय, तुम्हीही या. मी म्हटलं, बाई, तुमचं काहीतरी चुकतंय. मग दुसरा येतो, म्हणतो, तुमच्या आईनं आपल्या माणसांत तुमचं नाव दिलंय. मला वाटलं, कुणीतरी फसवतंय. मार्ला म्हणाली, फसवणाऱ्याला तुझ्या आईचं नाव कसं कळेल? मग वाटलं, तुमच्यापैकी एकजण गेलं की काय, आणि दुसरं सांगत नाहीये."

"कुणी गेलेलं नाही," एमिल म्हणाला. बोलायचं वेगळंच होतं, पण शब्द भलतेच निघाले. "गाडी कुठली आहे?"

"गाडी?"

"धुत होतास ती."

"जुनीच आहे, पॉप. निळी."

"थंडीत धुऊ नये. दारं गोठतात."

"इथे एवढी थंडी नसते."

व्हेरोनानं त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि "ग्लेनी!" एवढंच म्हणून ती फोनच्या खांबाला टेकली. तिच्या पोटात साठलेलं किती बोलणं निघालं, ते एमिल वाऱ्याकडे पाठ करून ऐकत उभा राहिला. ग्लेन सांगेल ते ती मोठ्यानं म्हणत होती: नवी नोकरी, दातांचं दुखणं, मार्लाची आई त्यांच्याकडेच राहते, एक कुत्रा आहे. जूनमध्ये जमलं तर येऊ. जमलं तर, असं तो दोनदा म्हणाला, हे व्हेरोनानं नंतर सांगितलं. शेवटी फोन पुन्हा एमिलकडे आला.

"पॉप, त्या कंपन्या मला विचारतायत," ग्लेन म्हणाला. "तुम्हाला अर्धा दर लागायचा तर मी तुमच्याच कंपनीत यायला हवं म्हणे. कुठल्या येऊ? तुमच्या की आईच्या?"

एमिलनं खूप विचार केला.

"खरं सांगू? मला काही कळत नाही," तो म्हणाला. "तू आहेस तिथेच राहा. पुढच्या रविवारी तू फोन कर."

"करीन," ग्लेन म्हणाला. "उचलाल ना?"

"उचलीन."

परतताना ते सावकाश चालत होते. व्हेरोनानं त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला होता, गेल्या कित्येक वर्षांत घातला नव्हता तसा. एमिलला हलकं वाटायला हवं होतं आणि थोडं वाटतही होतं, पण डोक्यात सगळा गुंता होता. स्टीव्ह मिहालिकला उद्या चर्चमध्ये तोंड कसं दाखवायचं? पोरानं केलं ते त्याला अजूनही पटलेलं नव्हतं. न पटता फोन कसा करता येतो, हे त्याला उमगत नव्हतं, आणि केला तर होता.

"व्हेरोना," तो कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "रविवारी फोनवर तीच आली तर? तिला मी काय म्हणायचं?"

"मार्ला म्हण. नाव आहे तिचं."

"नुसतं मार्ला?"

"मग आणखी काय म्हणतोस?"

तो ते नाव ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघत रस्ता ओलांडायला लागला.